सहावा मांडा

वामनकाकांच्या नावापुढे मी सहावी रेघ ओढली आणि पाटी उंच धरून सगळ्या पंगतीला दाखवली.

"वामनकाका सहा. अण्णा पाच. नेहेतेकाका साडेचार."

"साडेचार कुठले? पावणेपाच धर," पोस्टमास्तर नेहेते म्हणाले. "पानावरचा हा तुकडा काय भिंतीला लावायचा आहे?"

पंगत हसली. मीही हसले, पण माझं लक्ष अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे होतं. त्यांनी पाचवा मांडा कसाबसा संपवला होता आणि आता ते सदऱ्याचं वरचं बटण काढून भिंतीला टेकले होते. दहा वर्षांत ते एकदाही जिंकले नव्हते. यंदा जिंकतील असं मी वर्गातल्या मुलींना सांगून ठेवलं होतं, आणि माझं म्हणणं खोटं ठरलेलं मला मुळीच खपत नसे. मी चौदा वर्षांची होते, नववीत पहिली आले होते, आणि आपण हुशार आहोत याचं मला स्वतःलाच फार कौतुक होतं.

आम्ही तेव्हा सावद्याला राहत होतो. अण्णा तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायचे, वामनकाका भारंबे चित्रकला. शाळेचा निकाल लागला की मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या अंगणात मांडव पडायचा आणि अण्णांचे सगळे मित्र रस-मांडे खायला यायचे. मांडा म्हणजे आमच्या खानदेशातली खापरावरची पुरणपोळी. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती परातीएवढी मोठी करायची, चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर टाकायची आणि चौघडी घालून पानात वाढायची. साधा माणूस आमरसाबरोबर दोन खातो आणि तिथंच आडवा होतो. आमच्याकडे मात्र पैज लागायची. कुणी किती खाल्ले याचा हिशेब पाटीवर, आणि जो जिंकेल त्याच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेल्या कुरडयांचा हार. आईनं उन्हाळ्यात घातलेल्या कुरडयांतल्या चांगल्या गोल गोल मी त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवायची. पाटी सांभाळायचा मान गेली चार वर्षं माझा होता.

खापराशी पूर्वी दोघी बसायच्या, माझी आई आणि वामनकाकांची बायको कुमुदकाकू. दोघी एकाच गावच्या, एकाच गल्लीत वाढलेल्या आणि मांडे एकाच काकीकडून शिकलेल्या. तीन वर्षांपूर्वीच्या पंगतीला काकूंचे दोन मांडे लागोपाठ फाटले. आईला घाई होती, माणसं पानावर बसली होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "कुमुद, ऊठ तू. मी करते. लोकं खोळंबले." काकू उठल्या, हात धुतले, आणि फाटकापाशी जाऊन म्हणाल्या, "या घरचं पाणीबी पिणार नाही मी आता." तेव्हा सगळ्यांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे. तो तीन वर्षं टिकला. आई म्हणायची, तिनं यावं. काकू म्हणायच्या म्हणे, तिनं बोलवावं. यंदा काकू आजारी असल्याचं कानावर आलं होतं, तरी दोघी अडूनच होत्या. पुरुषांनी त्यात तोंड घातलं नाही. वामनकाका दर वर्षी एकटेच येत, मधोमध बसत आणि बहुतेक वेळा जिंकतही.

त्या वर्षी मात्र ते मधोमध बसले नव्हते. अगदी टोकाला, धान्याच्या कोठीला लागून त्यांनी पाट ओढून घेतला होता. मांडीवर पंचा पसरला होता. मी रसाचा गडू घेऊन पंगतीतून फिरत होते तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. त्यांची रसाची वाटी भरलेली होती. मी एकदाच वाढला होता रस, अगदी सुरुवातीला. अण्णांच्या पाच मांड्यांना चार वाट्या लागल्या होत्या. नेहेतेकाका तर वाटी तोंडालाच लावत होते. आणि सहा मांडे एका वाटीत?

मी पुन्हा त्यांच्यापाशी गेले. आई आतून सातवा मांडा पाठवत होती. तो त्यांच्या पानात पडला आणि मी कोठीच्या कडेला उभी राहून बघत राहिले. त्यांनी एक कोपरा मोडला, रसात बुडवून तोंडात टाकला. मग इकडेतिकडे पाहिलं. उरलेला मांडा डाव्या हातानं अलगद खाली गेला, पंच्याखाली.

त्यांनी वर पाहिलं, तर मी.

त्यांनी मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणायला हलवतात तेवढी. डोळ्यांत असं काही होतं की त्यांनी शाळेत कधी कुणा मुलाकडे, साहेबाकडे तसं पाहिलं नसेल. माझ्याकडे, एका लहान मुलीकडे, ते काहीतरी मागत होते. का ते मला कळलं नाही, पण हे पैजेतलं नाही एवढं कळलं. ते मला नीट कळलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की लहान होते, काय समजतंय. पण समजलं होतं.

"लबाडी," मी ओरडले. "वामनकाका खात नाहीयेत. पंच्याखाली लपवताहेत."

नेहेतेकाकांना असल्या गोष्टींची फार हौस. त्यांनी वाकून पंचा ओढला. आत वर्तमानपत्रात घडी घातलेले तीन मांडे होते, आणि आता टाकलेला चौथा.

"अरे वामन," नेहेते हसून हसून लाल झाले, "पैज काय घरी जाऊन जिंकणार होतास?"

सगळे हसले. अण्णाही हसले. कुणीतरी कुरडयांचा हार उचलून अण्णांच्या गळ्यात घातला आणि मी पाटीवरच्या काकांच्या सहावी, पाचवी, चौथी अशा रेघा थुंकी लावून पुसल्या. टाळ्या वाजल्या. वामनकाका हसण्याचा प्रयत्न करत होते. त्यांचे कान लाल झाले होते, आणि पंचा ओढला गेल्यामुळे उघड्या पडलेल्या धोतरावर तुपाचा मोठा डाग पडला होता, तो ते हातानं झाकत होते.

मग हसणं एकदम थांबलं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. कोपरापर्यंत पिठानं भरलेले हात तिनं अंगापासून लांब धरले होते.

"कुमुदसाठी का, वामनभाऊ?" तिनं विचारलं.

"नाही वहिनी. मलाच रात्री भूक लागते आताशा."

हे खोटं होतं ते सगळ्यांना कळलं. आई आत गेली. अण्णांनी हार काढून कोठीवर ठेवला.

हात धुऊन वामनकाका निघायला लागले, तेव्हा आईनं आतून सांगितलं की थांबा. तिनं चूल पुन्हा पेटती केली होती. ते वर्तमानपत्रातले मांडे तिनं बाजूला सारले आणि नवे चार केले. मी दारात उभी होते. इतके पातळ मांडे तिनं त्या दिवशी पंगतीलाही केले नव्हते. हातावर फिरवताना पुरणाच्या पलीकडून तिची बांगडी दिसत होती. दुरडीत धुवट फडकं घालून तिनं ते ठेवले, कडीच्या डब्यात रस भरला, आणि दोन्ही माझ्या हातात दिले.

"तू जाय वामनभाऊंच्या संगं. तिले सांगजो, सिंधूनं केले. माझं नाव घेऊन दे. चोरून खायची पाळी काहून यावी तिच्यावर?"

"एवढ्या उन्हात पोरीला कशाला?" अण्णा म्हणाले.

"तीच जाईल," आई म्हणाली.

तिला राग आला होता की रडू, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज मला वाटतं, तिला फार आनंद झाला होता. तीन वर्षांनी कुमुदला तिच्या हातचं काहीतरी हवं होतं. पण आनंदातही तिला आपलं नाव सुटत नव्हतं.

दुपारचे अडीच वाजले असतील. गल्लीत कुत्रंही नव्हतं. वामनकाका माझ्या हातातला डबा घेऊन पुढे चालत होते. मला वाटत होतं ते रागावतील, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं. राममंदिराच्या सावलीत ते थांबले.

"शैला, तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "पैज म्हणजे पैज. पण आता मी सांगतो ते ऐकशील?"

मी मान डोलावली.

"काकू आजारी आहे ते तुला माहीतच आहे. जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले. पोटात काही ठरत नाही. आठ दिवस झाले, साबुदाण्याची पेज दोन चमचे, बस. काल रात्री आपणहून म्हणाली, उद्या सिंधूकडे मांडे असतील. मी म्हटलं, आणू का? तर म्हणाली, तिथून मागून आणले तर तोंडाला लावणार नाही. मग मी म्हटलं, वरणगावहून माझ्या ताईला धाडायला सांगतो. तर म्हणाली, आणा." त्यांनी गळ्यावरचा घाम पुसला. "दीड महिन्यात तिनं काही मागितलं नव्हतं गं. तर तू एवढंच म्हण, वरणगावच्या आत्यानं पाठवले. आईचं नाव नको घेऊस. घेशील?"

"नाही घेणार," मी म्हटलं.

"माझी शपथ?"

"तुमची शपथ."

मी अगदी मनापासून म्हटलं होतं. मघाच्या गोष्टीची भरपाई होईल असंही मला वाटत होतं.

कुमुदकाकू आतल्या खोलीत खाटेवर होत्या. मी त्यांना चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. लहानपणी माझ्या वेण्या घालताना त्या मला दोन्ही गुडघ्यांत धरून बसायच्या, हलू द्यायच्या नाहीत. त्या गुडघ्यांची आता चादरीखाली नुसती टोकं दिसत होती.

"कोण वं? शैला का?" त्या म्हणाल्या. "केवढी झाली वं तू."

"वाटेत भेटली," काका घाईनं म्हणाले. "दुरडी धरायला घेतलं तिला. ताईनं मांडे धाडले बघ. वरणगावचा माणूस आला होता."

काकूंनी फडक्यावर हात ठेवला.

"गरम आहेत अजून."

"वाटेत ऊन लागलं ना."

"हो," काकू म्हणाल्या. "ऊन फार आहे."

काकांनी त्यांना उशीला टेकवून बसवलं. ताटलीत एक मांडा उलगडला, वाटीत रस ओतला. काकूंनी बोटभर तुकडा मोडला, रसाला लावला आणि डोळे मिटून तोंडात ठेवला. काका वाटी धरून उभे होते. दुसरा घास गेला. तिसरा त्यांनी जरा मोठा घेतला. चौथा. ताटलीतला पाव मांडा संपला, आणि काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मघाशी अंगणात जे झालं ते जणू झालंच नव्हतं.

"वन्संचा हात बरा आहे हं," काकू म्हणाल्या. आवाजात जीव आला होता. "शैले, तुझ्या आईले सांग, मांडा असा आसतो म्हणावं. तिचा म्हंजे निस्ती गोधडी."

मी दुरडीतल्या फडक्याची घडी घालत राहिले.

"चाळीस वर्षं झाली, अजून शिकली नाही ती. काकी तिले सांगून सांगून थकली. कणीक मळायची अक्कल नाही अन् दुसऱ्याले ऊठ म्हणते." त्या हसल्या, आणि हसता हसता पाचवा घास घेतला. "पाय, कसा रेशमावानी आहे. सात जन्म नाही जमायचं सिंधूले."

काका माझ्याकडे बघत होते. त्यांना माझा चेहरा दिसत असणार. माझ्या डोळ्यांपुढे आई होती, भर दुपारी पुन्हा चुलीशी बसलेली, बांगड्या मागे सारून मांडा फिरवणारी. आणि ही बाई तिनंच केलेलं खात तिलाच नावं ठेवत होती. मला हे सहन होईना. खोट्या हिशेबाची मला फार चीड होती. मघाशी अंगणात होती तीच.

"आईचेच आहेत हे," मी म्हटलं. "तिनंच केलेत. तुमच्यासाठी पुन्हा चूल पेटवून केलेत."

काकूंचं चावणं थांबलं. मग त्यांनी तोंडातला घास हातावर काढला आणि ताटलीच्या कडेला ठेवला, अगदी नीट, सांडू न देता. काकांकडे पाणी मागितलं आणि चूळ भरली.

मला वाटलं, आता त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आता कसं खाऊ वं मी?"

माझी नजर ताटलीच्या कडेवरच्या त्या घासावर गेली.

"कुमुद, अगं पोर आहे ती," काका म्हणाले. "खा ना. चार घास तर खा. कोण बघतंय इथं?"

"नाही," काकू म्हणाल्या आणि भिंतीकडे कुशीवर वळल्या. "ने परत, शैले. झाकून ने. मुंग्या लागतील."

किती आडमुठी बाई आहे, असं मला तेव्हा वाटलं. मरायला टेकली तरी हट्ट सोडत नाही. परत येताना गल्लीभर मी हेच घोकत होते, कारण ते सोडलं तर मग माझं मलाच काहीतरी म्हणावं लागलं असतं. घराजवळ आले तशी मी हळू चालायला लागले. मोडलेल्या मांड्यासकट दुरडी आईच्या हातात द्यायची कशी? बाजारपेठेच्या कोपऱ्यावर पांजरपोळाच्या दोन गाई बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे मांडे टाकले. रस गटारात ओतला. फडकं झटकून घडी केली.

आई दारातच उभी होती. तिनं आधी दुरडीत पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"खाल्ले?"

"हो," मी म्हटलं.

"माझं नाव सांगितलं?"

"हो."

हे तेवढं खरं होतं.

"मंग? काय म्हटली?"

"रेशमासारखे झालेत म्हणाली."

आई मागे वळून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा ढीग पडला होता. त्यापुढे ती बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, पण ते दुःखाचं रडणं नव्हतं. अण्णा म्हणाले, मग आता तू जाऊन ये उद्या. ती म्हणाली, "आता ती बोलवेल. आपणहून गेले तर तिले वाटेल, चार मांड्यांचे उपकार सांगायला आली. येईल तिचा निरोप." दर दोन दिवसांनी ती मला विचारायची, शाळेच्या बाजूला गेली होतीस का, वामनकाका भेटले का, काही म्हणाले का. मी वाट बदलून जायला लागले.

निरोप आला तो एकविसाव्या दिवशी, सकाळी आठ वाजता, नेहेतेकाकांबरोबर.

आई चपलाही न घालता निघाली. मी तिच्या मागे. काकूंच्या अंगणात बायका जमल्या होत्या, पुरुष बाहेर बांबू बांधत होते. वामनकाका ओट्याच्या पायरीवर बसले होते. आई आत गेली, काकूंच्या तोंडावरून हात फिरवला, खूप वेळ बसली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर एक समाधान होतं. ते मला बघवेना. ती काकांसमोर उभी राहिली.

"वामनभाऊ, तीन वर्षं बोलली नाही माझ्यासंगं. पण जाताना माझ्या हातचं खाऊन गेली," ती म्हणाली. "डोळे बांधून घास दिला तरी सांगायची ती, हा सिंधूचा, हा काकीचा. लहानपणापासून. त्या दिवशी शैलानं नाव सांगितलं नसतं तरी पहिल्या घासाले वळखलं असतं तिनं."

मी पायरीच्या खाली उभी होते. वरणगावहून आलेले गरम मांडे. ऊन फार आहे. मला एकेक शब्द ऐकू यायला लागला. तिला माहीत होतं. पहिल्या घासापासून माहीत होतं, आणि म्हणूनच ती आईला इतकी नावं ठेवत होती, की शिव्या देता देता पोटभर खाता यावं. फक्त कुणी बोलायचं नव्हतं. तेवढंच हवं होतं तिला, आणि खोलीत बोलणारी मी एकटीच होते.

वामनकाकांनी मान वर केली. मला वाटलं, आता हे सांगणार. त्यांनी सांगावं असंही मला वाटलं.

"हो वहिनी," ते म्हणाले. "ओळखूनच खाल्ले तिनं. दोन मांडे खाल्ले."

आईनं त्यांचा हात हातात घेतला आणि दोघंही रडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतर कधीही त्या गोष्टीबद्दल एक शब्दही काढला नाही. दर वर्षी मे महिन्यात ते आमच्याकडे येत राहिले आणि मधोमध बसून दोन मांडे खाऊन उठत. आई लोकांना शेवटपर्यंत सांगायची की कुमुदनं माझ्या हातचे दोन मांडे खाल्ले. मी शेजारी बसलेली असायची आणि मान डोलवायची.